गाण्याचा सांगाडा: नव्या बँडसाठी हौशी ड्रमरची तयारी

दुसऱ्याने बांधलेले, ध्वनिमुद्रित झालेले आणि लोकांच्या कानांत बसलेले गाणे आपल्या बँडने वाजवणे म्हणजे कव्हर. नवा बँड बहुधा कव्हर गाण्यांवरच उभा राहतो. चार-पाच जेमतेम ओळखीची माणसे पहिल्यांदा एका खोलीत वाद्ये घेऊन जमतात तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची गाणी नसतात. सगळ्यांना आधीपासून येणारी गाणी हीच त्यांची सामाईक भाषा असते. म्हणून बँड जमण्याची नुसती शक्यता दिसली, तरी पहिल्यांदा हाती येते ती दहा-बारा गाण्यांची यादी.

यादी मिळाल्यावर गिटारवाला कॉर्ड शोधतो, गायक शब्द पाठ करतो. ड्रमरने नेमके काय पाठ करायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. चार मिनिटांच्या गाण्यात ड्रमरचे हात-पाय मिळून हजाराहून अधिक ठोके मारतात. ते एकेक करून लक्षात ठेवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. त्याला पाठ हवा असतो तो गाण्याचा सांगाडा: लय, बांधणी, ठेका, आणि सुरुवात व शेवट. एवढे पक्के असेल तर एखादा ठोका इकडचा तिकडे झाल्याने गाणे मोडत नाही. सांगाडा कच्चा असेल, तर मूळ ड्रमरची प्रत्येक करामत हुबेहूब उतरवूनही ते मध्येच कोसळते.

ऐनवेळचे ड्रमर

बँडला ड्रमरकडून खरोखर काय लागते, हे ऐनवेळी ड्रमर बदलावा लागला की उघड होते. २० नोव्हेंबर १९७३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये 'द हू' या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम चालू असताना ड्रमर कीथ मून वाजवता वाजवता कोसळला. गिटारवादक पीट टाउनशेंडने श्रोत्यांनाच विचारले, ड्रम वाजवणारा कोणी आहे का? स्कॉट हॅल्पिन नावाचा १९ वर्षांचा मुलगा पुढे आला. त्याने जवळजवळ वर्षभर ड्रमला हात लावला नव्हता. तरीही तो तीन गाणी वाजवून गेला. त्यांतली पहिली दोन ब्लूजची जुनी, असंख्य बँडनी वाजवलेली गाणी होती. त्यांची बांधणी ओळखीची होती आणि कुठे वळायचे ते टाउनशेंड खुणांनी दाखवत होता.

दुसरे उदाहरण त्याआधीचे. ३ जून १९६४ रोजी, जागतिक दौऱ्याच्या आदल्या दिवशी, बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार टॉन्सिलच्या आजाराने अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी २४ वर्षांच्या जिमी निकोलला बोलावण्यात आले. त्याच दिवशी स्टुडिओत सहा गाण्यांची तालीम झाली आणि दुसऱ्या दिवशी निकोल कोपनहेगनच्या रंगमंचावर बसला. पुढचे दहा दिवस त्याने डेन्मार्क, नेदरलँड्स, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियात बीटल्सला साथ केली. हे जमले, कारण एका स्वस्त ध्वनिमुद्रिकेसाठी बीटल्सच्याच गाण्यांची कव्हर त्याने अगोदर वाजवली होती. रिंगो स्वतःही याच वाटेने बीटल्समध्ये आला होता. ऑगस्ट १९६२ मध्ये रीतसर दाखल होण्याआधी तो लिव्हरपूलच्या दुसऱ्या एका बँडमध्ये वाजवत असे. बीटल्सचा तेव्हाचा ड्रमर आजारी असला की तो जाऊन बसे, कारण त्या काळात दोन्ही बँड बरीचशी तीच अमेरिकी गाणी वाजवत असत.

यादी कशी वाचावी

यादी हाती पडताच आवडत्या गाण्यावर तुटून पडण्याचा मोह होतो. हौशी ड्रमर एका गाण्याच्या बारकाव्यात दोन आठवडे घालवतो आणि उरलेली अकरा गाणी तालमीच्या आदल्या रात्री धावतपळत ऐकतो. याच्या उलट क्रम सोयीचा पडतो. पहिल्या फेरीत सगळी गाणी सांगाड्यापर्यंत आणायची आणि बारकावे दुसऱ्या फेरीसाठी ठेवायचे. बँड अजून पक्का नसल्यामुळे यादी बदलण्याची शक्यताही मोठी असते. निम्मी गाणी गळली आणि नवी आली, तरी या क्रमात फारसे श्रम वाया जात नाहीत.

प्रत्येक गाण्याचे कोणते ध्वनिमुद्रण प्रमाण मानायचे, हे आधीच ठरवावे लागते. ईगल्सचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे नेहमी घोटाळा करणारे उदाहरण. १९७६ च्या अल्बममधले मूळ गाणे विजेच्या गिटारींचे आणि पूर्ण ड्रमसेटचे आहे. १९९४ च्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमातले रूप मात्र साध्या गिटारी आणि हाताने वाजवायच्या तालवाद्यांनी सुरू होते. गिटारवाल्याने एक रूप बसवले आणि ड्रमरने दुसरे, तर पहिली तालीम वादातच जाते.

त्यानंतर गाण्यांची वर्गवारी. सरळ ठेक्याची गाणी एका गटात, झुलत्या तिहेरी चालीची दुसऱ्यात, विषम मात्रांची तिसऱ्यात आणि ज्यांत ड्रमसेटच नाही किंवा यंत्राने ठेका धरला आहे अशी चौथ्यात. बहुतेक यादीत पहिला गट सर्वांत मोठा निघतो आणि एकाच ठेक्याच्या थोड्या फरकाने त्यातली चार-पाच गाणी निभावतात.

ऐकणे

ड्रमरची निम्मी तयारी स्टिक न उचलता होते. गाणे पाच-सहा वेळा ऐकायचे, मात्र दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवायचा. पहिल्यांदा नुसते गाणे. दुसऱ्यांदा त्याचे भाग कुठे बदलतात ते. तिसऱ्यांदा बेस गिटार आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. चौथ्यांदा उजवा हात हाय-हॅटवर आहे की राइड झांजेवर, आणि तो कधी जागा बदलतो. शेवटी फिल, म्हणजे दोन भागांच्या सांध्यावरच्या छोट्या लडी, थांबे आणि एकत्र मारलेले ठोके.

ऐकलेले तोंडाने म्हणता आले तर ते डोक्यात बसले असे समजावे. तबला शिकणारा आधी बोल म्हणतो, मग हात चालवतो. ड्रमला असे प्रमाण बोल नाहीत, पण 'दुम्-चक्, दुम्-दुम्-चक्' अशा घरगुती अक्षरांनी काम भागते. म्हणताना जिथे अडखळायला होते, बहुधा तिथेच हातही अडखळणार असतात. अवघड जागेसाठी सूर न बदलता गाण्याची गती कमी करणारी मोबाइल अ‍ॅप उपयोगी पडतात. साठ-सत्तर टक्के गतीवर घोस्ट नोट, म्हणजे स्नेअरवरचे जेमतेम ऐकू येणारे दबके ठोके, सुटेसुटे ऐकू येतात.

एका पानाचा आराखडा

ऐकलेले कागदावर उतरवताना पूर्ण स्वरलिपी लिहिण्याची गरज नसते. एका गाण्याला एक पान पुरते. वरच्या कोपऱ्यात गती, त्याखाली मुख्य ठेक्याचा एक बार (मात्रांचे एक आवर्तन), आणि मग भागांची उतरंड: इंट्रो ४ बार, व्हर्स १६, कोरस ८, पुन्हा व्हर्स, कोरस, ब्रिज ८, सोलो १६, कोरस दोनदा, शेवट. प्रत्येक भागासमोर एखादा शब्द: 'हाय-हॅट बंद', 'राइडवर', 'फक्त किक', 'येथे थांबा'.

पाश्चात्त्य रॉक गाण्यांत भागांची लांबी बहुधा चाराच्या पटीत असते, त्यामुळे मोजणे सोपे जाते. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत मुखडा, म्युझिक, अंतरा, पुन्हा मुखडा अशी रचना असते आणि दोन अंतऱ्यांआधीचे म्युझिकचे तुकडे अनेकदा एकमेकांपेक्षा वेगळे असतात. मध्येच दोन बार जास्तीचे निघतात, गायक एखादी ओळ जास्त लांबवतो. असे जास्तीचे बार आराखड्यात ठळक खुणेने लिहावे लागतात, कारण ड्रमर अंगवळणी पडलेल्या ठोक्यावर क्रॅश झांज मारून मोकळा होतो आणि बाकीचे अजून म्युझिकमध्येच असतात.

न वाजवण्याच्या जागाही आराखड्यात तेवढ्याच ठसठशीत हव्यात. बीटल्सच्या १९६८ च्या 'हे ज्यूड'मध्ये ड्रम सुमारे ५० सेकंदांनी, दोन कडवी झाल्यावर येतात. पॉल मॅकार्टनीने सांगितलेला किस्सा असा, की जे ध्वनिमुद्रण अखेर पसंत पडले ते सुरू झाले तेव्हा रिंगो स्वच्छतागृहात होता. मॅकार्टनीच्या ते लक्षातच आले नाही. रिंगो पावले न वाजवता मागून आला, ड्रमवर बसला आणि बरोबर जागेवर त्याने पहिला ठोका मारला. गाणे कुठवर आले आहे याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालूच होता.

लय

बँडमधला प्रत्येक जण लयीला जबाबदार असला, तरी ती ढळली की दोष ड्रमरकडे येतो. म्हणून प्रत्येक गाण्याची गती बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके या मापाने, लिहून ठेवायची. मायकल जॅक्सनचे 'बिली जीन' सुमारे ११७ वर चालते, क्वीनचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ११० च्या आसपास, बी जीजचे 'स्टेइंग अलाइव्ह' १०३ च्या जवळ. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की एकापाठोपाठ एक वाजवताना ड्रमर सगळ्यांना नकळत एकाच गतीवर आणून ठेवतो आणि तिन्ही गाण्यांची चाल सारखीच वाटू लागते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गाण्याची सर्वांत ओळखीची ओळ मनात गुणगुणायची आणि त्या ओळीच्या गतीवर मोजणी द्यायची.

मेट्रोनोमच्या क्लिकबरोबर सराव करताना एक गोष्ट लक्षात येते. माणूस नियमित ठोक्याबरोबर टिचकी वाजवू लागला की त्याची टिचकी सहसा ठोक्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या काही शतांशांनी अगोदर पडते. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मन आधीच बांधत असते आणि हात त्या अंदाजावर चालतो. सरावाने हे अंतर कमी होते. क्लिक दर ठोक्याला न ठेवता बारमध्ये एकदाच, पुढे दोन बारांत एकदाच वाजेल अशी लावली, तर लय यंत्राच्या भरवशावर न राहता अंगात मुरते.

सगळी जुनी गाणी क्लिकला चिकटून बसत नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांतली कितीतरी ध्वनिमुद्रणे क्लिकविना झालेली आहेत. रोलिंग स्टोन्सचे १९६९ चे 'होंकी टोंक विमेन' सुरुवातीपेक्षा शेवटी स्पष्टपणे जलद झालेले ऐकू येते, आणि ती वाढती गतीच त्याची मजा आहे. अशा गाण्यात क्लिकने फक्त सुरुवातीची गती पकडायची आणि पुढे मूळ ध्वनिमुद्रणाच्या सोबतीने सराव करायचा.

ठेका

आजच्या ड्रमसेटची मूळ कल्पनाच एका माणसाने अनेकांचे काम करण्याची आहे. बँडपथकात मोठा ड्रम, स्नेअर आणि झांजा वेगवेगळी माणसे वाजवत. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविगने बेस ड्रमसाठी जलद चालणाऱ्या पायपट्टीचे पेटंट घेतले आणि मोठा ड्रम पायाकडे गेला. १९२० च्या दशकात डाव्या पायाच्या झांजा आल्या आणि त्यांचीच पुढे उंच होऊन हाय-हॅट झाली. १९३० च्या दशकात जॅझ बँडबरोबर हा संच मुंबईच्या हॉटेलांत रुळला. कावस लॉर्ड यांच्यासारखे वादक तिथूनच चित्रपटसंगीतात आले.

रॉक आणि पॉपच्या बहुतेक गाण्यांचा पाया एकच. चार मात्रांचा बार, हाय-हॅटवर आठ समान ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर. 'बिली जीन'ची सुरुवात म्हणजे याचा शुद्ध नमुना. लिऑन 'एन्डुगु' चॅन्सलर या ड्रमरचा हा ठेका दोन बार एकटाच वाजतो आणि ऐकणारा तेवढ्यावरून गाणे ओळखतो. एसी/डीसीच्या १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'मध्ये फिल रडचा ठेकाही जवळपास एवढाच साधा आहे. तो वाजवायला सोपा आहे. अवघड आहे ते शेवटपर्यंत त्याच वजनाने, काही जास्तीचे न घालता वाजवत राहणे.

महाराष्ट्रात ड्रमकडे वळणाऱ्या अनेकांचा हात आधी तबल्यावर, ढोलकीवर किंवा गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकात घडलेला असतो. ताशाने मनगट मोकळे होते, ढोलाने दमसास येतो. आठ समान ठोक्यांचा बार केहरव्याच्या आठ मात्रांसारखा भासतो, पण वजन वेगळ्या जागी असते. समेला मान देण्याची सवय असलेला हात पहिल्या मात्रेवर जोर देतो. रॉकमध्ये कानाला टोचायला हवा तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर, ज्याला बॅकबीट म्हणतात. पहिले काही आठवडे गाणे ऐकताना फक्त याच दोन मात्रांवर टाळी देण्याची सवय लावली, तर हे वळण लवकर सुटते.

झुलत्या चालीच्या गाण्यांत प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात आणि हाय-हॅटवर मधला भाग गाळला जातो. याला शफल म्हणतात. टोटोच्या १९८२ च्या 'रोझॅना'मधला जेफ पोर्कारोचा ठेका याची अवघड पायरी मानली जाते. हाय-हॅटने गाळलेल्या मधल्या भागांवर स्नेअरचे दबके ठोके येतात आणि जोराचा स्नेअर तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो. हा ठेका कुठून आला ते पोर्कारोनेच सांगून ठेवले आहे: बर्नार्ड पर्डीचा शफल, लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा त्याच जातीचा ठेका आणि बो डिडलीच्या गाण्यांतली किकची चाल. महान समजले जाणारे ठेकेही असे दुसऱ्यांची गाणी ऐकून आणि वाजवून घडतात.

आवाजाच्या पोताच्या मागे मात्र फार लागू नये. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला बॉनमचा घुमणारा ड्रम इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या उंच दालनात, वर टांगलेल्या मायक्रोफोनांनी टिपलेला आहे. दहा बाय बाराच्या जॅम रूममध्ये तो घुमारा येणार नाही. तिथे घेता येते ती ठोक्यांची जागा आणि त्यांतला सैलपणा.

फिल: कोणते जपायचे, कोणते सोडायचे

दोन भागांच्या सांध्यावर ठेका सोडून वाजवलेली छोटी लड म्हणजे फिल. पुढचा भाग येत असल्याची ती वर्दी असते. तिहाईप्रमाणे तिचे सार्थक शेवटच्या ठोक्यानंतर बरोबर पहिल्या मात्रेवर उतरण्यात आहे. दिमाखदार फिल वाजवून अर्धी मात्रा उशिरा पोचणारा ड्रमर साऱ्या बँडचा तोल घालवतो.

कव्हर गाण्यात फिलचे दोन वर्ग करता येतात. काही फिल गाण्याच्या चालीइतकेच श्रोत्यांना पाठ असतात आणि ते जसेच्या तसे यावे लागतात. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटांनंतर अचानक कोसळणारी टॉमची लड ऐकण्यासाठीच लोक ते गाणे लावतात. निर्व्हानाच्या १९९१ च्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये डेव्ह ग्रोलने गिटारीच्या पहिल्या चालीनंतर मारलेले ठोके वगळले, तर गाणेच उभे राहत नाही. दुसऱ्या वर्गातले फिल मूळ ड्रमरने त्या दिवशी सुचले म्हणून वाजवलेले असतात. तिथे आपल्याला झेपणारे साधे काही वाजवले तरी कोणाची तक्रार नसते.

काही फिल हुबेहूब न येण्याला शरीराचेही कारण असते. रिंगो डावखुरा, पण उजव्या हाताच्या ड्रमसेटवर वाजवणारा. त्यामुळे टॉमवरून फिरताना त्याचा हात इतरांपेक्षा वेगळ्या क्रमाने पडतो आणि 'कम टुगेदर'सारख्या गाण्यातली त्याची लड उजव्या हाताच्या ड्रमरला आडवळणाची वाटते. अशा वेळी हातांचा क्रम आपला ठेवून कानाला ऐकू येणारा ओघ राखला की पुरे.

यंत्राचा आणि परक्या वाद्यांचा ठेका

काही गाण्यांत नक्कल करायला ड्रमरच नसतो. क्वीनच्या १९७७ च्या 'वुई विल रॉक यू'मध्ये ड्रमसेट नाही. पाय आपटणे आणि टाळ्या यांचेच थर एकावर एक रचलेले आहेत. ड्रमर ते किक आणि स्नेअरवर आणतो, पण टाळीचा पसरट आवाज येण्यासाठी श्रोत्यांनाच टाळ्या वाजवायला लावणे अधिक परिणामकारक ठरते. 'स्टेइंग अलाइव्ह'च्या वेळी बी जीजचा ड्रमर डेनिस ब्रायन घरच्या अडचणीमुळे स्टुडिओत नव्हता, म्हणून त्याच्याच 'नाइट फिव्हर'मधल्या दोन बारांची फीत कापून तिचे वेटोळे पूर्ण गाणेभर फिरवले गेले. ठेका यंत्रासारखा निश्चल असल्याने कव्हर करणाऱ्यालाही हात आवरावा लागतो. 'इन द एअर टुनाइट'च्या पहिल्या साडेतीन मिनिटांत ठेका ड्रम मशीनचा आहे. तिथे ड्रमरने काय करायचे, गप्प बसायचे की हलक्या हाताने मशीनची जागा घ्यायची, हे बँडने आधी ठरवावे.

भारतीय गाण्यांत अडचण उलटी असते. चित्रपटगीतात ड्रमच्या जोडीला तबला, ढोलक, काँगो अशी अनेक तालवाद्ये एकाच वेळी वाजत असतात आणि बँडमध्ये ड्रमर एकटा. सगळे वाजवायला गेले की गोंगाट होतो. गायक ज्या वाद्याच्या आधाराने गातो ते ओळखून त्याचीच चाल उचलायची. 'सैराट'मधले अजय-अतुल यांचे 'झिंगाट' २०१६ पासून मराठी बँडच्या यादीत हटकून असते. ते सेटवर आणताना ढोलाचा घुमारा किक आणि फ्लोअर टॉमकडे, तर वरची तडतड स्नेअरकडे सोपवली की मिरवणुकीची ऊब टिकते. नुसता सरळ रॉक ठेका लावला, तर गाणे वाजते पण कोणी नाचत नाही.

विषम मात्रा

पिंक फ्लॉइडचे १९७३ चे 'मनी' सात मात्रांचे आहे. सॅक्सोफोनचा सोलोही सातातच चालतो आणि गिटारचा सोलो आला की गाणे चार मात्रांवर येते, पुढे पुन्हा सातावर. सात म्हटल्यावर मराठी कानाला रूपक ताल आठवतो. मात्रांची संख्या जुळली, तरी रूपकाचे तीन-दोन-दोन असे वजन त्यावर लादू नये. बेस गिटारची ओळ गुणगुणता येईपर्यंत ऐकावी आणि किक तिच्या बोटाला धरून चालवावी. सातातून चारात आणि चारातून सातात जाणारे दोन सांधे वेगळे काढून पन्नास वेळा वाजवणे हाच इथला सराव.

घर, शेजार आणि कान

फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट वाजवणे बहुतेकांना शक्य नसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. जोरात वाजणारा ड्रमसेट सहज शंभराच्या पुढे जातो. म्हणून रोजचा सराव रबरी प्रॅक्टिस पॅडवर किंवा जाळीच्या पृष्ठभागाच्या इलेक्ट्रॉनिक सेटवर होतो आणि जॅम रूम तासाच्या भाड्याने घेतली जाते. इलेक्ट्रॉनिक सेटवरही पायपट्टीची धडक खालच्या मजल्यावर पोचते, तिथे जाड गादी घालावी लागते. पॅडवर सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल यांसारख्या मूळ हातांची रोज पंधरा मिनिटे उजळणी, मग दोन-तीन गाणी आलटून पालटून, असा थोडा पण रोजचा सराव आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा जास्त टिकतो. पैसे मोजून घेतलेला जॅम रूमचा तास घरी न जमणाऱ्या गोष्टींसाठी राखावा: खरे वजन, झांजांचा तोल, आणि गाणे न थांबता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणे.

कानांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. दोन तासांची तालीम कानांत प्लग न घालता करणाऱ्याच्या कानांत घरी गेल्यावर शिटी वाजत राहते. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

पहिली तालीम

पहिल्या भेटीत ड्रमरची पारख त्याच्या फिलवरून होत नाही. इतर वादक तीन गोष्टी पाहतात: मोजणी नीट देतो का, गाणे भरकटल्यावर धरून ठेवतो का आणि शेवट एकत्र करतो का.

मोजणी म्हणजे गाणे सुरू करताना स्टिकवर स्टिक आपटून दिलेले चार ठोके. उत्साहाच्या भरात ती नेहमीच जलद निघते आणि मग गायकाला शब्द कोंबावे लागतात. आकडा तोंडाने मोठ्याने म्हणत दिला की गती आवरते आणि सगळे एकदमच आत येतात. मध्येच कोणी बार चुकवला तर ड्रमरने साधा ठेका आणखी ठळक करायचा आणि पुढच्या कोरसच्या पहिल्या मात्रेवर क्रॅश मारून सगळ्यांना तिथे बोलवायचे. हरवलेल्या माणसाला ती झांज वाटेवरच्या दिव्यासारखी दिसते.

शेवटाची तयारी घरी करूनही अपुरी पडते, कारण अनेक ध्वनिमुद्रणांना शेवटच नसतो. 'बिली जीन', 'हॉटेल कॅलिफोर्निया', 'हे ज्यूड' ही तिन्ही मूळ ध्वनिमुद्रणे आवाज हळूहळू कमी होत विरून जातात. रंगमंचावर असे विरता येत नाही. कितव्या फेरीनंतर, कोणाच्या खुणेवर, कोणत्या ठोक्यावर थांबायचे हे ठरवून आराखड्याच्या तळाशी लिहावे लागते. तालमीचा पहिला तास गाण्यांच्या सुरुवाती आणि शेवट यांवरच घालवणारे बँड पुढे वेळ वाचवतात. मध्यभाग घरच्या सरावाने तयार झालेला असतो, टोके मात्र सगळे जमल्यावरच जुळतात.

तालीम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर वाजवताना न जाणवलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी कळतात. कोरसमध्ये गती वाढली, फिलनंतर ठेका क्षणभर लटपटला, बेस आणि किक वेगवेगळ्या वाटेने गेले, हे सर्व त्यात स्पष्ट ऐकू येते. दुसऱ्या फेरीच्या सरावाची यादी तिथूनच तयार होते.

अशा भेटींतून बँड जमतोच असे नाही. गायकाला दुसरे गाव गाठावे लागते, आवडी जुळत नाहीत, वेळ मिळत नाही. तेव्हा ड्रमरच्या हाती उरतात ती दहा-बारा एकपानी आराखड्यांची वही आणि अंगात बसलेले तेवढेच ठेके. त्यांतली निम्मी गाणी पुढच्या बँडच्या यादीतही असतात.